ताटातले कवेलू

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण समन्स आल्यावर ती चढायची की नाही हे ठरवणं आपल्या हाती उरत नाही. मी ती चढले, वकिलाशिवाय चढले, आणि ज्यानं मला चढायला लावली त्याला मी तोपर्यंत दादा म्हणत होते. तुमच्या आईनं तुम्हांला यातलं थोडंफार सांगितलं असेल. ती तेव्हा लहान होती, तिला कोर्टातून परतताना खाल्लेले पेरू तेवढे आठवतात. बाकीचं मी लिहून ठेवते.

तुमचे आजोबा वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात शाळामास्तर होते. मी पुण्याकडून लग्न होऊन तिथं आले. माझी मॅट्रिक झाली होती, आणि इंग्रजी शिकलेली बाई कशी दिसते हे पाहायला पहिले काही दिवस बायका दारात येऊन उभ्या राहत. माझं बोलणं ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसत. "बाई पुस्तकातून बोलते वो," असं एकीनं दुसरीला सांगितलेलं मी ऐकलं होतं. मला त्यांचं वऱ्हाडी बोलणं समजायला लागलं, जिभेवर मात्र बसलं नाही.

गावात एक मोठा बागायतदार होता. संत्र्याची बाग, विहिरीवर भाजीचा मळा, दुमजली घर. तो ना आमच्या जातीचा, ना नात्याचा. तुमच्या आजोबांकडून तो संध्याकाळी अक्षरं गिरवायला शिकला होता आणि त्याबद्दल टोपलीभर वांगी पाठवायचा. आमच्या पहिल्या दिवाळीत मला भाऊ नाही असं त्याला कळलं, तसा तो आजोबांवर ओरडलाच. "मास्तर, बाईले भाऊ नाई म्हन्ता? मंग मी काय मेलो काय?" त्या वर्षापासून तो दर भाऊबीजेला आमच्याकडे येऊन पाटावर बसू लागला. मी ओवाळत असे, तो ताटात रुपया टाकत असे आणि माझ्या हातचं करंजीचं सारण कमी गोड आहे म्हणून कुरकुर करत असे. सख्ख्या भावानं यापेक्षा वेगळं काय केलं असतं?

आजोबांनी रस्त्याच्या कडेला थोडी जागा घेऊन घर बांधायला काढलं होतं. भिंती उभ्या राहिल्या आणि श्रावणात ते विषमज्वरानं गेले. शाळेची खोली सोडावी लागली. मी तुमच्या आईला घेऊन त्या भिंतींमध्ये राहायला गेले. वर तुरीच्या काड्यांचं छप्पर होतं. पाऊस आला की आम्ही दोघी कोपरा बदलत असू.

त्या दिवाळीला मी घरात काहीच केलं नव्हतं. भाऊबीजेला दादा आणि त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, दोघंही आली. वहिनीच्या हातात नारळ होता.

"पाट कुठी हाये?" दादानं आत येताच विचारलं.

"दादा, यंदा नको. आता माझ्या हातानं तुम्ही ओवाळून घेऊ नये," मी म्हणाले. नुकत्याच विधवा झालेल्या बाईनं निरांजनाच्या ताटाला हात लावणं तेव्हा कुणालाच चाललं नसतं. मलाही ते चालत नव्हतं. शिकले असले तरी भीती होतीच.

"कोनं सांगतलं? यमाले भेव बहिनीच्या हाताचं असते. ते बहीन सवाष्ण पाह्यजे असं कुठी लिवलं हाये? तू तं लय शिकेल हायेस, दाखव मले."

मला दाखवता आलं नाही. वहिनीनं स्वतः वात लावली, ताट माझ्या हातात दिलं. मी ओवाळलं. मी कपाळी कुंकू लावलं तेव्हा तो डोळे मिटून शांत बसला होता. मग त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढून ताटात ठेवली. ताट एका बाजूला कललं, एवढं तिला वजन होतं. तीनशे रुपये होते.

"भाऊ माडीत झोपते आन् बहिनीच्या डोक्यावर तुराट्या? कवेलू टाकून घे घरावर," तो म्हणाला.

मी किती रडले ते सांगत नाही.

त्या पैशांतून लाकूड आलं, कवेलू, म्हणजे आपली कौलं, आले, घर झालं. पुढच्या खोलीत मी मुलींचा वर्ग सुरू केला. आईबाप जमेल ते देत, ज्वारी देत, कुणी दूध घालत, त्यावर आम्हा दोघींचं भागत असे. वर्ग उघडला त्या दिवशी अर्धा गाव जमला होता. दादाला मी मधल्या खुर्चीवर बसवलं आणि पुण्यात शाळेच्या समारंभात ऐकली होती तशी भाषा वापरून आभाराचं भाषण केलं. शेवटचं वाक्य माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण पुढं ते मला फार वेळा ऐकावं लागलं. मी म्हणाले, "मी यांची जन्मभर ऋणी आहे. या ऋणातून मी कधीही उतराई होणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानं मिशीवरून हात फिरवला.

पुढं रस्ता पक्का झाला, मोटारी सुरू झाल्या आणि मोटार थांबायची जागा नेमकी आमच्या दारासमोर आली. दादाच्या थोरल्या मुलाला तिथं चहाचं दुकान आणि मागं मालाचं गुदाम काढायचं होतं. दादानं जागा विकत मागितली. मळ्याच्या बाजूला दुसरी जागा देतो म्हणाला. मी म्हणाले, वर्ग इथंच चालतो, मुलींना इथं यायला सोपं पडतं, आणि हे घर यांनी बांधलं आहे. तो हसला, "बरं, पाहू," म्हणाला. मला वाटलं विषय संपला.

मग कोर्टाचा बेलीफ आला. मी समन्स उभ्याउभ्या वाचलं. वादीनं प्रतिवादीस तीनशे रुपये तोंडी हातउसने दिले, प्रतिवादीनं ते भरसभेत कबूल केले, मागूनही दिले नाहीत, तरी मुद्दल आणि व्याज देववावं. पैसे न मिळाल्यास प्रतिवादीचं घर जप्त करून लिलाव करावा. हे सगळं मला समजलं. जे वाक्य मी परतपरत वाचलं ते वेगळंच होतं. "वादीची प्रतिवादीशी ओळख आहे." ओळख! इतक्या वर्षांच्या भाऊबिजांना वकिलानं हा शब्द शोधला होता, आणि त्याखाली दादानं सही केली होती. ती सही करायला त्याला आजोबांनी शिकवलं होतं.

मी तशीच मळ्यावर गेले. दादा पाटाचं पाणी वळवत होता.

"दादा, हे काय आहे?"

"कोरटाचं हाये. कोरटात पाहू," तो फावडं न थांबवता म्हणाला. "च्या घेशीन काय?"

"ते पैसे तुम्ही ओवाळणी म्हणून घातले होते."

"मी जागेचे पैसे देत होतो, तूच नाई म्हटलं. आता मी काय करू? पोरगं आयकत नाई." मग फावडं टेकवून, जणू मला काही शिकवायचं आहे अशा आवाजात म्हणाला, "हे असं चालतेच, बाई. मनावर नको घेऊ."

विहिरीजवळ वहिनी मेथी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, वहिनी, तुम्ही तिथं होता, वात तुम्ही लावली, एवढंच येऊन सांगा. तिनं मान वर केली नाही.

"मले नका बोलवू. मी त्यायच्या घरात राह्यतो," ती म्हणाली. "तुमच्यासाठी खरं बोललो तं सांजच्याले मी कोनाच्या घरी जाऊ?"

तिचं खरंच होतं. तरी त्या दिवशी दादापेक्षा मला तिचाच राग जास्त आला.

वाशीमला गेले तेव्हा कळलं की ज्या वकिलाला आजोबा ओळखत होते त्यानंच दादाचं वकीलपत्र घेतलं आहे. दुसऱ्यानं कागद पाहिले, भाषणाचं वाक्य विचारून घेतलं आणि टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, "बाई, भरसभेत ऋणी आहे म्हणालात, वर फेडणार नाही असंही म्हणालात. आता कबुली द्या, हप्ते बांधून घेऊ."

"मी आभार मानले होते."

"पुण्यात आभार असतात. इथं रीन म्हणजे रीन."

तेव्हा मला माझी चूक कळली. गावात रीन म्हणजे सावकाराकडून काढायची गोष्ट. मायेचं ऋण, उपकाराचं ऋण, हे सगळं माझ्या पुस्तकात होतं. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांनी, बाई किती प्रामाणिक आहे, चारचौघांत कर्ज कबूल करते, म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या.

पण जे घेतलंच नाही ते कर्ज कबूल करायची माझी तयारी नव्हती. हप्ते म्हणजे घर हळूहळू देणं. मी कैफियत स्वतः लिहिली. आधी इंग्रजीत लिहिली, कारण रागात मला इंग्रजीत नीट मांडता येत असे, आणि मग मराठीत उतरवली. शिरस्तेदारानं ती घेतली आणि माझ्या मागं कोण आहे ते पाहिलं. मागं तुमची आई उभी होती.

तारखेच्या दिवशी पुकारा झाला तेव्हा व्हरांड्यात आमचं गाव बसलेलं होतं. मुन्सफसाहेब चष्मा लावलेले, बोलायला सौम्य.

"तुमचे वकील कुठे आहेत?"

"नाहीत. मीच उभी राहणार आहे."

दादाचे वकील हसले. मुन्सफसाहेब हसले नाहीत. "चालेल. मात्र भाषण करायचं नाही. प्रश्न विचारायचे," ते म्हणाले.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. दादा पिंजऱ्यात उभा राहिला, शपथ घेतली, वकिलानं विचारलं तसं सगळं सांगितलं. मग माझी पाळी आली आणि मी सुरू केलं, "तुम्ही आमच्या घरी दर वर्षी येत होता, यांच्यावर तुमचं प्रेम होतं, मी तुम्हांला—"

"प्रश्न," मुन्सफसाहेब म्हणाले.

मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा भाषणच झालं. व्हरांड्यातून कुणीतरी म्हणालं, "बाई शाळा घेऊन राह्यली." लोक हसले. मी सगळं बाजूला ठेवलं आणि एकच विचारायचं ठरवलं. तो कितीही बदलला असला तरी यावर तो खोटं बोलणार नाही अशी माझी खात्री होती. बहिणीनं ओवाळलेलं कुणी नाकारत नाही. ते नाकारणं म्हणजे आपल्याच आयुष्याची दोरी कापणं.

"पैसे दिले त्या दिवशी भाऊबीज होती. मी तुम्हांला ओवाळलं होतं की नाही?"

दादानं वकिलाकडे पाहिलं. वकील कागदात पाहत होते. मग तो माझ्याकडे न बघता मुन्सफसाहेबांना म्हणाला,

"रांडमुंड बाई कोनाले ओवाळत असते काय, साहेब?"

वकील लगेच उठले. हिंदू रीतीप्रमाणे तीन महिन्यांची विधवा औक्षण करूच शकत नाही, सबब ओवाळणीचा बचाव खोटा आहे. त्यांनी हे फार सुबक शब्दांत सांगितलं. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. माझ्या हातानं ओवाळून घेण्यासाठी जो माणूस माझ्याशी भांडला होता, ज्यानं पाट स्वतः मांडायला लावला होता, त्यानं नेमकी तीच गोष्ट उचलून माझ्या तोंडावर मारली होती. पैसे मागितले, घर मागितलं, हे मी सहन केलं होतं. पण त्या दिवशी माझी अपशकुनाची भीती ज्यानं काढली त्यानंच ती परत आणून माझ्या अंगावर घातली.

"आणखी काही विचारायचं आहे?" मुन्सफसाहेबांनी विचारलं. मी मान हलवली. दादा पिंजऱ्यातून उतरला आणि माझ्या जवळून गेला. त्याच्या अंगाला संत्र्याच्या सालीचा वास येत होता.

त्याचा साक्षीदार म्हणून गावातला एक म्हातारा आला. सगळा गाव त्याला आबा म्हणत असे. दिवसभर पारावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचं हा त्याचा उद्योग. त्याला शिकवून आणावं लागलं नव्हतं. जे ऐकलं ते तो सांगायला आला होता.

"बाई म्हने, मी रिनी हाये. आन् म्हने, मी फेडनार नाई," तो ठासून म्हणाला. "मी आपल्या कानानं आयकलं, साहेब. मले नवलच वाटलं. बुडवनारा असं सांगून बुडवते काय?"

सगळं कोर्ट हसलं. मुन्सफसाहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. माझ्या मनात काही डाव नव्हता. माणूस खरं बोलतो आहे एवढंच मला दिसत होतं, आणि त्या दिवशी मला कुणाच्या तरी तोंडून खरं ऐकायचं होतं. म्हणून मी विचारलं,

"आबा, हे गेले त्या वर्षी भाऊबीजेला तुम्ही दादांना पाहिलं होतं का?"

"पाह्यलं न. पारावरूनच गेला तो."

"त्यांच्या कपाळाला काही होतं?"

"कुकू होतं. तांदूय चिकटेल होते. मी म्हटलं, काबे, तुह्यी बहीन तं वारली, हे कोनं लावलं? तं म्हने, मास्तरीनबाईनं."

वकील उभे राहिले. मुन्सफसाहेबांनी त्यांना हातानं खाली बसवलं.

"पुढं?"

"पुढं काय, आमी बोललो त्याले. म्हटलं, तिचा मालक जाऊन दिवस किती झाले, आन् तू तिच्या हातचं लावून घेतलं? तं आमच्यावरच उखडला. म्हने, माह्या बहिनीचा हात हाये, त्याले बोलसान तं याद राखा. मोठा ताव होता त्याले."

"ताटात काय टाकलं, ते बोलले का?"

"बोलला न. आमी म्हटलं, असं लय मोठं भाऊपन करून राह्यला, टाकलं काय? तं छाती फुगवून म्हने," आणि आबानं हात पसरून दाखवला, "बहिनीच्या ताटात कवेलू टाकले म्या, कवेलू!"

आता कुणी हसलं नाही. आबानं सगळ्यांकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं. आपण काय सांगून बसलो हे त्याला तेव्हा उमगलं असावं. "काहून रे?" तो दादाला म्हणाला. "तूच सांगतलं होतं न?"

निकाल पुढच्या तारखेला लागला. दावा खर्चासह रद्द झाला. आभार मानताना वापरलेला ऋणी हा शब्द म्हणजे कर्जाची कबुली नव्हे, आणि वादी हा प्रतिवादीचा मानलेला भाऊ असून दिलेली रक्कम ओवाळणीची होती, असं मुन्सफसाहेबांनी लिहिलं. म्हणजे गंमत पाहा. तो माझा भाऊ आहे हे सरकारनं कागदावर लिहून दिलं, आणि तो नाही हे त्यानं देवाची शपथ घेऊन सांगितलं.

घर राहिलं. परतायला मोटार एकच होती, तिच्यात आम्ही सगळेच बसलो. तुमची आई दादाला पाहताच "मामा" म्हणत त्याच्या मांडीवर जाऊन बसली, आणि त्यानं तिला पेरू फोडून दिला. तिला आठवतात ते पेरू हेच. मी तिला ओढून घेतलं नाही. भरल्या मोटारीत तमाशा नको होता.

"हुशार निघाली तू," दादा मला म्हणाला. खरोखर कौतुकानं म्हणाला. "वकील म्हने, बाईमानूस हाये, रडन आन् सही करून देईन."

मी खिडकीबाहेर पाहत होते.

"कोरटातलं कोरटात ठेवावं बाई. ते बोलनं वकिलानं सांगतलं होतं."

"पैसे मागा असं वकिलानं सांगितलं असेल," मी म्हणाले. "रांडमुंड हा शब्दही त्यांनीच दिला?"

तो तुमच्या आईला पेरूतल्या बिया थुंकायला शिकवत बसला.

आणि दिवाळीत भाऊबीजेला तो आला! नवं मुंडासं बांधून, नेहमीसारखा ओट्यावर खाकरत आला. वहिनी सोबत नव्हती. मी त्याला पाणी दिलं, फराळाचं दिलं. त्यानं चिवडा खाल्ला, संत्र्याचा भाव सांगितला, खोलीतल्या फळ्यावर मुलींनी काढलेली अक्षरं वाचून दाखवली. मग तो जरा वेळ जमिनीकडे, जिथं पाट मांडला जाई तिकडे, पाहत राहिला.

"ओवाळत नाई काय?"

"या घरात ओवाळत नाहीत," मी म्हणाले. "हे विधवेचं घर आहे."

त्याला राग येईल असं मला वाटलं होतं. मी त्याची तयारीही ठेवली होती. पण त्याचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला. आपण काय मोडलं ते त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि मला वाटतं शेवटपर्यंत कळलं नाही. हरलेल्या दाव्याचा खर्च त्यानं दिला होता, माझ्यावर डूख धरला नव्हता, मग आता काय राहिलं, असा त्याचा हिशेब असावा.

"मंग मी आता कोनाकडे जाऊ?" तो म्हणाला. "मले दुसरी बहीन कुठी हाये?"

मी ताटली उचलली आणि धुवायला मागच्या दारी गेले. परत आले तेव्हा तो गेला होता.